होल्स्टरनं घासलेलं हत्यार: कुठलं फिनिश टिकतं आणि काय बघून निवडायचं

कुपवाड एमआयडीसीत मी अठरा वर्षं प्लेटिंगच्या लाईनवर काढली. हायड्रॉलिकचे रॉड, पंपाच्या शाफ्ट, डाय, सगळं हार्ड क्रोम नाहीतर निकेल. त्यामुळं ओळखीतला कुणी लायसन्सवाला भेटला की विषय ठरलेला, "दादा, रिव्हॉल्वरचं पॉलिश गेलंय, तुमच्या टाकीत जरा बुडवून द्या की." मी आजवर एकदाही बुडवलेलं नाही, का नाही ते पुढं सांगतोच, पण विचारणाऱ्याला हात हलवत पाठवायला बरं वाटत नाही, म्हणून जे मला धातूबद्दल माहिती आहे आणि जे माझ्या मामांच्या रिव्हॉल्वरवर डोळ्यानं बघितलंय ते सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

मामा साताऱ्याकडचे, फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झाले, त्यांच्याकडं ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्वर आहे, मधनं मोडून उघडतं ते, जुन्या वेब्ली मार्क ४ च्या धर्तीवरचं. काळं ब्लूइंग केलेलं, म्हणजे स्टीलच्याच कातडीला काळं केलेलं. पाच-सहा वर्षं रोज कमरेला लावल्यावर नळीच्या तोंडाजवळ, नेम धरायच्या पुढच्या माशीच्या दोन्ही अंगाला आणि सिलेंडरच्या कडांवर पांढरा धातू दिसायला लागला. मामांना त्याचं लई वाईट वाटायचं. खरं तर ती पांढरी जागा एवढी काळजीची नव्हती, काळजीची जागा दुसरीच होती, मुठीच्या वर जिथं फ्रेम पोटाला टेकते तिथं बारीक तांबूस ठिपके आलेले, आणि तिकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

आधी हे ठरवा: घासलंय का गंजलंय

सगळ्यात पहिलं काम, हत्यार रिकामं करा, दोनदा बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून या, मगच टेबलावर घ्या. उजेडात धरा, पांढरं सुती फडकं घ्या आणि कोरड्या फडक्यानं एकेक भाग पुसत जा. जिथं रंग गेलाय पण फडकं स्वच्छ राहतंय आणि धातू चकचकीत आहे ती घासण. जिथं फडक्याला तांबडं-तपकिरी लागतंय, किंवा नख फिरवल्यावर बारीक खड्डा लागतोय, तो गंज. या दोन गोष्टींचं औषध वेगळं आहे आणि लोक दोन्हीला "पॉलिश गेलं" असं एकच नाव देतात, तिथंच पैसे वाया जातात.

कारण फिनिशला दोन कामं असतात, एक घासण सोसायची आणि दुसरं पाणी-घाम आत जाऊ द्यायचा नाही. दोन्ही कामं सारखीच चांगली करणारं फिनिश फार कमी. हार्ड क्रोम घासायला वाघ आहे पण त्याच्या अंगावर डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतात, त्यातनं ओल खाली जाते. उलट सेराकोटसारखा लेप पाण्याला पक्का पण कडांवर घासून जातो. म्हणून आपल्याला त्रास नक्की कशाचा आहे हे कळल्याशिवाय फिनिशचं नाव तोंडात घेऊ नका.

आता घासतं कशानं? लोक म्हणतात होल्स्टरच्या, म्हणजे कमरेच्या म्यानाच्या, चामड्यानं. चामडं स्टीलपेक्षा कितीतरी मऊ, ते एकटं स्टीलला काय घासणार. घासते ती चामड्यात बसलेली धूळ. धातूचा कठीणपणा आम्ही विकर्समध्ये मोजतो, हत्याराचं नेहमीचं स्टील साधारण ३०० ते ४०० विकर्स असतं आणि वाळूचा कण, म्हणजे गारेचा, १००० च्या आसपास. म्हणजे होल्स्टरमध्ये दोन चिमट्या धूळ असली की ते होल्स्टर राहत नाही, पॉलिश पेपर होतो, आणि तुम्ही दिवसातनं चार वेळा हत्यार काढता-घालता. मोटरसायकलवर कच्च्या रस्त्यानं शेतात जाणारे, क्रशरवर बसणारे, बांधकाम साईटवाले, यांच्या हत्याराचा रंग लवकर जातो तो यामुळंच. एकदा हे डोक्यात बसलं की घासणीचा सगळा हिशेब सोपा होतो, फिनिश वाळूच्या कणापेक्षा कठीण आहे का नाही एवढंच बघायचं.

तुमचं हत्यार कशाचं बनलंय ते बघा

चुंबक लावून बघा. चिकटला तर स्टील, पण साधं का स्टेनलेस ते चुंबक सांगत नाही, कारण हत्याराला जे स्टेनलेस वापरतात त्यातलं बरंचसं चुंबकाला चिकटतंच. नाही चिकटला तर ॲल्युमिनियमची फ्रेम असेल, किंवा २०१४ साली आलेल्या निर्भीक रिव्हॉल्वरसारखं टायटॅनियमचं काम असेल. टायटॅनियमला गंज नाही, त्याला फक्त ओरखडे पडतात, तेव्हा निर्भीकवाल्यांनी गंजापेक्षा होल्स्टरकडं जास्त बघावं.

ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, तिला गरम ब्लूइंगच्या टाकीजवळ नेऊ नका. ती टाकी कॉस्टिकची असते आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, अक्षरशः उकळून खातं. ॲल्युमिनियमला अनोडायझिंग करतात, त्यात हार्ड अनोडायझिंग नावाचा प्रकार आहे, २५ ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर आणि चांगलाच कठीण. तो कारखान्यातनंच येतो, एकदा कडेला गेला की तेवढ्याच जागी परत लावता येत नाही.

आणि घरी आजोबांचं जुनं वेब्ली किंवा तसलं काही असेल, मूळ फिनिश आणि मूळ शिक्के शाबूत असतील, तर त्याला नवीन काही करूच नका. जुनं फिनिश घालवलं की त्या वस्तूची किंमत आणि इतिहास दोन्ही जातं. तेल लावा, कोरडं ठेवा.

एकेक फिनिश, माझ्या नजरेनं

ब्लूइंग म्हणजे रंग नव्हे, तो गंजाचाच एक शहाणा भाऊ. तांबड्या गंजाऐवजी स्टीलच्या वरच्या कातडीचं काळं लोखंडी ऑक्साईड करायचं, बस. थर किती, तर एक मायक्रॉनच्या आसपास, आणि माणसाचा केस सत्तर मायक्रॉनचा धरा. कठीणपणात त्यानं काहीच भर पडत नाही. त्यामुळं ब्लूइंग होल्स्टरनं घासून जाणारच, ते कुणाच्या हातून केलं त्यानं फार फरक पडत नाही. त्याचं काम फक्त एवढंच की तेल धरून ठेवायचं. तेल आहे तोवर ब्लूइंग आहे, तेल वाळलं की ते काळं दिसणारं उघडं स्टील आहे. मग लोक ते का करतात? स्वस्त आहे, दिसायला देखणं आहे, मापात फरक पडत नाही आणि पुन्हा पुन्हा करता येतं. आपल्या भागातल्या बहुतेक हत्यारांवर हेच असतं आणि ज्यांचं हत्यार कपाटात राहतं, वर्षातनं चार वेळा बाहेर येतं, त्यांनी दुसरं काही शोधायची गरजच नाही.

बाटलीतलं कोल्ड ब्लू मिळतं, फडक्यानं लावायचं. ते डाग झाकायला ठीक आहे, फिनिश म्हणून नाही, चार आठवड्यांत होल्स्टर ते पुसून टाकतं. त्यात सेलेनियमचं विषारी केमिकल असतं, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि काम झाल्यावर नीट धुऊन तेल लावा, नाहीतर त्याच जागी उलट गंज धरतो. हे मी स्वतः जॉब धरायच्या एका जुन्या व्हाईसवर केलेलं आहे आणि दुसऱ्या दिवशी तांबडा व्हाईस बघितलेला आहे.

ब्लूइंगबद्दल अजून एक, हे हातातल्या हत्याराबद्दल नाही पण आपल्याकडं शेतात बाराबोर दुनळी बऱ्याच जणांकडं आहे म्हणून सांगतो. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बऱ्याचदा शिशा-कथलाच्या डागानं, म्हणजे सोल्डरनं, जोडलेली असते. गरम कॉस्टिकच्या ब्लूइंगमध्ये तो डाग खाल्ला जातो आणि नळ्या सुटतात. दुनळीला सावकाश गंज चढवून, पाण्यात उकळून करायचं जुनं ब्लूइंगच लागतं. कुणी "एका दिवसात करून देतो" म्हटलं तर दुनळी परत घेऊन घरी या.

पार्करायझिंग, म्हणजे फॉस्फेट. राखाडी, खरखरीत, मिलिटरी टाईप. हा थर पाच ते पंधरा मायक्रॉनचा आणि स्पंजासारखा सच्छिद्र, त्यामुळं तेल पिऊन बसतो आणि गंजाला ब्लूइंगपेक्षा कितीतरी जास्त दिवस थांबवतो. घासायला फार कठीण नाही, कडा पांढऱ्या होतातच, पण त्या होईपर्यंत वेळ जातो. देखणेपणाची हौस नसलेल्या आणि रोज हत्यार बाळगणाऱ्या माणसाला हा प्रामाणिक पर्याय आहे. मला व्यक्तिशः हे आवडतं.

निकेलमध्ये दोन जाती. एक करंट देऊन केलेलं चकचकीत निकेल, जुन्या रिव्हॉल्वरवर दिसतं ते, खालची तयारी कच्ची असली की पापुद्रा सुटतो आणि सुटलेल्या कडेखालनं गंज पळत जातो, वरनं कळतसुद्धा नाही. दुसरं इलेक्ट्रोलेस निकेल, करंटशिवाय नुसत्या केमिकलनं बसणारं. हे कोपऱ्यात, भोकात, खाचेत सगळीकडं सारख्या जाडीचं बसतं, ५०० विकर्सच्या पुढं असतं आणि नंतर भट्टीत ४०० अंशाला ठेवलं तर हजाराजवळ जातं. पण त्या ४०० अंशाला हत्याराच्या काही पार्टचा टेंपर, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, उतरू शकतो, शिवाय कडक केल्यावर त्याची गंज थांबवायची ताकद थोडी घटते, म्हणून हत्याराला भट्टीचा हट्ट धरू नका. निकेलवाल्यांनी नळी साफ करायचं अमोनियावालं सॉल्व्हंट बाहेरच्या फिनिशवर सांडू देऊ नये, विशेषतः खाली तांब्याचा थर असेल तर.

हार्ड क्रोम हा माझ्या घरचा विषय. जेसीबीच्या बकेटचा जो चकचकीत रॉड तुम्ही बघता, दिवसभर माती-मुरमात आतबाहेर होतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो, तोच क्रोम. ८०० ते १००० विकर्स, म्हणजे वाळूच्या कणाला जवळजवळ बरोबरीत उभा. होल्स्टरनं घासून जाणं हा प्रश्नच तो मिटवून टाकतो. पण तीन गोष्टी आहेत. एक, त्या सूक्ष्म भेगा, त्यामुळं घामट अंगाला आणि ओल्या हवेत तेलाचा हात लागतोच. दोन, क्रोम करताना स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो आणि कडक स्टील ठिसूळ होतं, ते टाळायला काम झाल्याबरोबर भट्टीत काही तास भाजून तो हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. ज्याला हे भाजणं म्हणजे काय विचारल्यावर उत्तर देता येत नाही त्याच्या हातात हत्याराचा पार्ट देऊ नये. तीन, स्प्रिंगा आणि खटक्याच्या आतल्या बारीक आकड्यांना क्रोम कधीच नाही. एक साधी तळहाताएवढी मोठी स्प्रिंग क्रोमनंतर टेबलावर पडल्या पडल्या तुटलेली मी बघितली आहे, ती मशीनची होती म्हणून नुसता पार्ट गेला.

आता नायट्रायडिंग, सगळ्यात जास्त लिहावं असं हे. हा लेपच नाही. साधारण ५५० ते ५९० अंशाच्या मिठाच्या टाकीत किंवा गॅसमध्ये स्टीलच्या अंगात नायट्रोजन आणि थोडा कार्बन जिरवतात, वरची दहा-वीस मायक्रॉनची कातडी दगडासारखी होते आणि त्याच्या खालीसुद्धा बऱ्याच खोलवर नायट्रोजन गेलेला असतो. जे बाहेरनं चिकटवलेलंच नाही ते सोलून निघणार कुठनं? ग्लॉक पिस्टलचं नाव झालं त्यात या ट्रीटमेंटचा मोठा वाटा आहे, टेनिफर म्हणून ती ओळखली गेली. त्या पिस्टलच्या स्लाईडवरचा, म्हणजे वरच्या सरकत्या भागावरचा, काळा रंग होल्स्टरनं गेला तरी खालची कातडी तशीच असते, गंजत नाही, घासतही नाही. म्हणजे रंग गेला हा दिसण्याचा प्रश्न राहिला, संरक्षणाचा नाही. घासण आणि गंज दोन्ही कामं एकत्र करणारं जे थोडं आहे त्यात हे पहिलं. याची अडचण एकच, एवढ्या गरमीत जुन्या हत्याराचे पार्ट वाकडे होऊ शकतात, आधी दिलेला टेंपर बदलू शकतो, डागानं बसवलेली माशी सुटू शकते. म्हणून नायट्रायडिंग हे नवीन घेताना कारखान्याकडनं आलेलं घ्यायचं, घरच्या जुन्या रिव्हॉल्वरला करायच्या भानगडीत पडायचं नाही.

पीव्हीडी आणि डीएलसी, म्हणजे व्हॅक्यूमच्या भट्टीत बसवलेले पातळ थर. ड्रिलचं सोनेरी बिट बघितलंय ना, तोच घराण्यातला प्रकार. थर दोन-चार मायक्रॉन, पण डीएलसी १५०० विकर्सच्या वर, वाळूचा कणच त्याच्यावर झिजतो. ग्लॉकच्या पाचव्या पिढीवर २०१७ पासून हेच आहे. मात्र थर एवढा पातळ की त्यात सुईच्या टोकासारखी छिद्रं राहतात, त्यामुळं खालचं स्टील साधं असेल तर गंजाचं काम ते पूर्ण करत नाही. खाली स्टेनलेस किंवा नायट्राईड केलेलं स्टील आणि वर डीएलसी, ही जोडी मात्र नंबर एक.

सेराकोट हा सिरॅमिक मिसळलेला भट्टीत पक्का करायचा लेप, पेंटच्याच कुळातला पण खूप वरच्या दर्जाचा. आधी वाळूसारख्या ॲल्युमिनियम ऑक्साईडनं ब्लास्ट करून पृष्ठभाग खरबरीत करायचा, फवारायचा, आणि नेहमीच्या प्रकाराला १२० अंशाच्या आसपास दोन तास ओव्हन. हे तापमान इतकं कमी की टेंपर, डाग, कशालाच धक्का नाही, म्हणून जुन्या हत्याराला हे चालतं. घाम, पाणी, केमिकल याला हा जबरदस्त. पण जाडी पंचवीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे स्लाईड आणि फ्रेमच्या खाचेत, सिलेंडरच्या फिरण्यात ते माप आधी धरावं लागतं. आणि घट्ट होल्स्टर असेल तर कडांवर तो झिजणार, कारण शेवटी वाळूपेक्षा मऊच आहे. तयारीशिवाय मारलेला सेराकोट म्हणजे ट्रकला मारलेला रंग, नखानं निघतो.

स्टेनलेसचं एवढंच सांगतो, "कमी गंजणारं" असा त्याचा अर्थ घ्या. घामातलं मीठ त्यालाही चावतं. पण त्याला जाणारा रंगच नाही, ओरखडा पडला तर बारीक स्कॉचब्राईट एकाच दिशेनं फिरवलं की पुन्हा एकसारखं. ज्याला रोज घासणार आहे हे मान्य आहे आणि चमक खपते, त्याला स्टेनलेससारखं सुख नाही.

आपापल्या गावाप्रमाणं निवडा

आपले सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे म्हणजे दोन वेगळे देश आहेत. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि माण-आटपाडीकडं पाचशेच्या आसपास किंवा त्याहून कमी. दहिवडी-म्हसवड-आटपाडीकडचा माणूस गंजापेक्षा धुळीनं हैराण, त्यानं कठीणपणा बघावा, नवीन घेत असेल तर नायट्राईड केलेलं किंवा स्टेनलेस, जुनं असेल तर ब्लूइंगच राहू दे आणि होल्स्टर झाडत राहा. पाटण, कोयना, जावळी, महाबळेश्वरवाल्यानं चार महिने भिंतीला ओल असते हे धरून गंजाला पहिला नंबर द्यावा. कपाटातल्या ब्लूइंगला तिकडं दर आठवड्याला हात लागला पाहिजे, नाहीतर फॉस्फेट किंवा सेराकोट बरं. सांगली-मिरज-पलूसला नदीकाठी मधला प्रकार, वर उन्हाळ्यातला घाम.

विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या, बांधवांना वेगळं सांगायला पाहिजे. सोन्याचांदीचा धंदा, त्यामुळं लायसन्स असतं, आणि दुकानात ॲसिडचा वास कायम. नायट्रिकची वाफ निकेल खाते, मिठाच्या ॲसिडची वाफ क्रोम खाते, आणि ब्लूइंग तर दोन्हीपुढं टिकत नाही. म्हणजे निकेल आणि क्रोम दोन्ही तुमच्यासाठी चुकीची. तुम्हाला सेराकोटसारखा लेपच बरा, आणि त्याहून बरं म्हणजे हत्यार गलाईच्या खोलीत ठेवायचंच नाही. तासगाव-कवठेमहांकाळला बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात तिथंही तसंच, गंधकाचा धूर ओलाव्यात मिसळला की ॲसिडच होतं. शेडच्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलेलं हत्यार एका सीझनमध्ये खराब होऊ शकतं.

होल्स्टरवर आधी खर्च करा

मनापासून सांगतो, फिनिश बदलायच्या आधी होल्स्टर बदला. मऊ नायलॉनची कव्हरं बाजारात स्वस्त मिळतात, ती धूळ धरून ठेवतात, पावसात भिजली की दोन दिवस ओली राहतात, आणि तोंड मिटत असल्यानं हत्यार आत घालताना घुसवावं लागतं.

चामडं घ्यायचं तर जाड, बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला वापरतात त्या जातीचं. आकार धरून राहतं, तोंड उघडं राहतं. पण हिरड्याचा अर्क आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाई होते हे आपल्या जुन्या लोकांना माहिती होतं, तीच गोष्ट होल्स्टरमध्ये घडते, ओल्या चामड्यातला टॅनिन स्टीलवर काळे डाग पाडतो. क्रोमनं कमावलेल्या चामड्यातही क्षार असतातच. म्हणून नियम एकच, चामड्याचं होल्स्टर हे बाळगायला, ठेवायला नाही. रात्री हत्यार बाहेर.

कायडेक्स, म्हणजे गरम करून साच्यात दाबलेलं कडक प्लास्टिक. पाणी पीत नाही, घाम पीत नाही, नळाखाली धुता येतं. त्याची घासण ठरावीक दोन-तीन रेषांवरच होते पण तिथं लवकर होते, कारण धूळ मऊ चामड्यात रुतून बसते तशी कायडेक्समध्ये रुतत नाही, मोकळी राहते आणि दोन कडक पृष्ठभागांच्या मधे दळली जाते. आठवड्यातनं एकदा धुऊन, सुकवून, आतनं बोट फिरवून बघायचं. स्क्रू असेल तर पकड हत्यार पालथं केल्यावर पडणार नाही एवढी, त्याहून जास्त आवळू नका. कुठलंही होल्स्टर घ्या, खटका पूर्ण झाकला पाहिजे, आणि अंगाच्या बाजूला पट्टी वर आलेली असली तर पोटाचा घाम फ्रेमवर येत नाही. मामांचे तांबूस ठिपके त्या एका पट्टीनं थांबले.

काम द्यायचं तर कुणाला आणि कसं

आता मी का बुडवत नाही ते. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणं हत्याराची दुरुस्ती, फेरफार हे धंदा म्हणून करायला वेगळं लायसन्स लागतं, आणि दुसऱ्याचं हत्यार लायसन्सशिवाय ताब्यात ठेवणं हा ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे. एमआयडीसीतल्या कुठल्याही प्लेटिंगवाल्याकडं, हीट ट्रीटमेंटवाल्याकडं, पावडर कोटिंगवाल्याकडं ते नसतं. मित्र आहे म्हणून नुसता सिलेंडर किंवा स्लाईड देतो, असंही करू नका, तुम्हीही अडकाल आणि तोही. काम फक्त लायसन्स असलेल्या आर्म्स डीलर किंवा गनस्मिथकडं. त्याचं लायसन्स बघायला मागा, त्यात संकोच कसला. देताना हत्याराचा नंबर, तारीख, कामाचं वर्णन लिहिलेली पावती घ्या. काही शंका असेल तर कलेक्टर ऑफिसातल्या शस्त्र परवान्याच्या टेबलावर आधी विचारून घ्या.

गनस्मिथला विचारायचे प्रश्न मी मामांना कागदावर लिहून दिले होते. कुठलं फिनिश आणि थर किती जाड? बफिंग किती करणार? कारण बफवर जोरात धरलं की कडा गोल होतात आणि नंबर-शिक्के पुसट होतात, आणि कलम ८ प्रमाणं ओळखीची खूण पुसणं-बदलणं हा गुन्हा आहे. म्हणून देण्याआधी नंबराचा, प्रूफच्या, म्हणजे चाचणीच्या, शिक्क्यांचा जवळनं फोटो काढा आणि परत घेताना ताडून बघा. नळीच्या आतला भाग, सिलेंडरची भोकं किंवा चेंबर, स्प्रिंगा, खटक्याचे आकडे यांना काय लागणार आणि काय झाकणार? उत्तर "तिथं काहीच लागणार नाही" असंच आलं पाहिजे. गंजाचे खड्डे आधी किती घासून काढणार? कारण खड्ड्यावर फिनिश मारलं तरी खड्डा दिसतोच, आणि खड्डा जाईपर्यंत घासलं तर धातू जातो. मामांनी खड्डे तसेच ठेवले आणि नुसतं री-ब्लू केलं, शहाणपणा केला.

परत आलं की रिकाम्या हत्याराचा सिलेंडर फिरवून बघा, उघडझाप बघा, पिस्टल असेल तर स्लाईड ओढून सोडा, कुठं जड लागत असेल तर तिथंच सांगा. त्यानंतर वापरायच्या आधी गनस्मिथकडनंच तपासून घ्या.

रोजचा हात

घरी आल्यावर कोरडं फडकं, मग तेलाचं फडकं, दोन मिनिटांचं काम. तेल पातळ मिनरल, गन ऑईल नाहीतर शिलाई मशीनचं चालतं. खोबरेल लावू नका, थंडीत गोठतं, आणि कुठलंही खाद्यतेल काही महिन्यांनी चिकट होऊन धूळ धरतं. तेल ओघळेल एवढं लावायचं नाही, बोटाचा ठसा उमटला पाहिजे एवढंच.

शेवटची गोष्ट निवडणुकीची. २०२४ ला १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, हत्यारं जमा करायचं पत्र आलं, मामांनी रिव्हॉल्वर होल्स्टरसकट जमा केलं, आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. निकाल ४ जूनला, मधे वळवाचे दोन पाऊस होऊन गेलेले. परत आणलं तेव्हा चामड्याला बुरशी आणि नळीच्या ज्या ज्या जागी चामडं टेकलेलं त्या त्या जागी गंज, होल्स्टरची शिवण नळीवर छापल्यासारखी. री-ब्लू करायला लागलं ते त्यामुळं. ऑक्टोबरात विधानसभेला पुन्हा पत्र आलं तेव्हा मी स्वतः बसून तयारी केली. रिव्हॉल्वर पूर्ण पुसून कोरडं, सगळ्या अंगाला नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल, नळीतनं तेलाचा बोळा, मग व्हीसीआय पेपर, आमच्या फॅक्टरीत पार्ट एक्स्पोर्टला पाठवताना गुंडाळतो तो गंजरोधक कागद, त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. होल्स्टर घरी ठेवलं. जमा करताना ठाण्यातल्या साहेबांना उघडून नंबर दाखवला, मग त्यांच्यासमोरच परत गुंडाळलं, त्यांनी काही हरकत घेतली नाही. डिसेंबरात परत आलं तेव्हा कागद काढला, फडकं फिरवलं, फडकं स्वच्छ.